थेंबावर आक्षेप

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना माझ्याकडून मिळणार होता एक कान, आणि मला त्यांच्याकडून मिळणार होतं एक कोरडं छत. व्यवहार म्हणून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नव्हती. कान माझ्याकडे दोन होते आणि घरात त्यांतला एकही वापरात नाही, असं बायकोचं जुनं म्हणणं आहे. छत मात्र एकच, आणि ते गळत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढून पोट भरणारा मी माणूस. म्हटलं, एवढा स्वस्त सौदा पुन्हा मिळायचा नाही. कान किती वेळासाठी द्यायचा आहे, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांची बाथरूम आमच्या आतल्या खोलीच्या बरोब्बर वर. त्या खोलीत खाट एकाच ठिकाणी मावते, कारण उरलेल्या जागेत कपाट आहे आणि कपाट लग्नात आलेलं असल्यामुळे त्याला हात लावायची माझी प्राज्ञा नाही. थेंब पडायचा तो नेमका खाटेच्या उशीवर. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. दुर्लक्ष हा माझा आवडता दुरुस्तीचा प्रकार आहे. पण आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर ती, इतकी वर्षं धाकट्याकडे काढल्यावर, प्रथमच माझ्याकडे राहायला येणार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की डोळ्यात पाण्याचा टिपूससुद्धा जाता कामा नये. धाकट्याच्या घरी छताला नक्षी आहे. आमच्या छताला गळती आहे हे त्याच्या बायकोला कळलं असतं, तर आई दुसऱ्याच दिवशी परत गेली असती आणि ती गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोचली असती.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना सगळे 'नियमावली' म्हणतात, अगदी तोंडावरही; त्यांना ते बिरूद वाटतं. त्यांनी चष्मा पुसून सांगितलं, "अंतर्गत गळती हा दोन सभासदांमधला प्रश्न. अर्ज करा. अर्जावर वरच्यांची सही आणा, की गळती माझ्याकडून होते."

"कोण देईल हो अशी सही?"

"नाही दिली तर तो वाद झाला. वादाचा अर्ज वेगळा."

मी वादाचा अर्ज केला. कमिटी पाहणीला आली ती नेमकी डॉक्टर सहकुटुंब बाहेरगावी गेलेले असताना. थेंब पडेना. कमिटीतले सगळे माना वर करून बराच वेळ उभे राहिले, मग चहा पिऊन गेले. अहवालात लिहिलं होतं, 'सदस्यांनी छत पाहिले. छत जागेवर आहे.'

शेवटी मी स्वतःच वर गेलो. डॉक्टर माणूस अत्यंत गोड. "या, या, ऑडिटरसाहेब!" म्हणाले, पाणी दिलं, बसवलं, आणि बाथरूमच्या फरशीचा विषय काढताच असे शहारले, की जणू मीच त्यांचा दात उपटायला आलोय. "अहो, नुकतीच बसवलीय हो ती. त्या रंगाची आता निघत नाही. एक जरी फुटली तरी सगळी न्हाणी भिकार दिसेल. बघू आपण काहीतरी." 'बघू' या शब्दावर आमच्या कचेरीत कित्येक फायली पिवळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

बायको म्हणाली, "भांडून छत वाळत नसतं. त्या माणसाला कसलं वेड आहे ते शोधा आणि तिथून आत शिरा."

वेड शोधावं लागलं नाही. ते रोज संध्याकाळी छतातून ऐकू यायचं.

डॉक्टर संगीत करत. वाद्य म्हणाल तर घरात एकही नाही. एक कॉम्प्युटर, पेटीसारख्या पट्ट्यांची एक फळी, आणि एक चौकोनी डबा. त्यावरची बटणं दाबली की ती उजळतात आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज येतो. या सामग्रीवर ते इलेक्ट्रॉनिक संगीताचे ट्रॅक रचत. ऐकायला कोणी नव्हतं. घरातली माणसं संध्याकाळ झाली की कानात बोळे घालून आपापल्या खोलीत जात. उरले पेशंट. दवाखान्यात डॉक्टर आपलाच ट्रॅक लावत आणि दाढ कोरता कोरता विचारत, "कसं वाटतंय?" पेशंटच्या तोंडात तेव्हा कापूस, आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं. तो बिचारा म्हणणार, "आँ." हा अभिप्राय डॉक्टर अनुकूल धरत.

तर मी एका संध्याकाळी वर गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर, खालून ऐकतो नेहमी. जरा जवळून ऐकवा की."

त्यांचे डोळे भरून आले हो. मला वाटलं, फुटली फरशी.

ट्रॅकचं नाव 'गुंगी'. सुरुवातीला डास गुणगुणल्यासारखा आवाज झाला. मग कोणीतरी लांबच्या खोलीत गादी झोडपायला लागलं आणि ते झोडपणं काही केल्या थांबेना. मध्येच एक बासरीसारखा आवाज आला, काहीतरी विचारल्यासारखं केलं, आणि उत्तर न घेताच निघून गेला. नंतर जे सुरू झालं ते दात कोरण्याचं यंत्र होतं असं मी शपथेवर सांगायला तयार आहे, कारण माझी डावीकडची दाढ ठणकायला लागली. ट्रॅक संपला तेव्हा तो संपलाय हे मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"छान आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "छान तर पेशंटही म्हणतात, भूल उतरायच्या आत. मला रचनात्मक अभिप्राय पाहिजे. काय जमलंय, काय खटकलं, कुठे खटकलं, काय केलं तर सुधारेल. तुम्ही हिशेबतपासनीस. तुम्ही गोडगोड बोलणार नाही म्हणून तर..."

"देतो की. आणि ते छताचं तेवढं..."

"छताचं करूच हो! हा ट्रॅक एकदा हातावेगळा होऊ दे. फोडाफोडी सुरू झाली की घरात रेकॉर्डिंग कसलं होतंय?"

म्हणजे हिशेब सोपा झाला. ट्रॅक संपला की गळती संपली. मी कानाला हेडफोनचं यंत्र लावून कामाला बसलो.

रचनात्मक अभिप्राय कसा द्यायचा, याचं शिक्षण आपल्याकडे कुणालाच नसतं, त्यामुळे ते देण्याचा अधिकार सगळ्यांना असतो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई एका कंपनीत मनुष्यबळ खात्यात आहेत. माणसांना काढून टाकल्याचं त्यांना आनंदाने कसं सांगायचं, हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "आधी स्तुती, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा स्तुती. समोरच्याला कळतच नाही."

"काय कळत नाही?"

"सूचना."

तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "नुसतं 'प्रगती समाधानकारक' लिहा. मी हजारो पोरांना लिहिलं. एकाचाही बाप विचारायला आला नाही." बायको म्हणाली, "तुम्हाला काय येतं ते लिहा. नाही ते करायला जाऊ नका." मला काय येतं? मला आक्षेप लिहिता येतात. म्हणून मी कागद घेतला आणि लिहिलं:

'दुसऱ्या मिनिटापासून ठेक्याच्या आवाजात वाढ करण्यात आलेली आहे. सदर वाढीस समर्थन आढळून येत नाही. बासरीसदृश आवाज एकदाच हजर असून त्याच्या पुढील गैरहजेरीबाबत खुलासा नाही. एकच तुकडा वारंवार सादर करण्यात आला आहे. तो एकदाच ग्राह्य धरावा. सुरुवातीचा संथ भाग नियमानुसार आहे.'

कागद वर पाठवला आणि भीतीने दार लावून बसलो. थोड्याच वेळात बेल वाजली. दारात डॉक्टर, पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला, हातात कागद.

"खुलासा!" ते म्हणाले. "बासरीचा खुलासा! अहो, ती बासरी माझ्या बायकोलासुद्धा आजवर ऐकू आलेली नाही." आणि दारातच त्यांनी मला मिठी मारली. समोरच्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि सूचना न देता लावून घेतलं.

इथून माझ्या दुर्दैवाला सुरुवात झाली. दुर्दैव वाईट कामाने येतं हा गैरसमज आहे; ते बहुतेक वेळा बऱ्या कामाने येतं. डॉक्टरांनी बासरीचा खुलासा केला, तो मूळ ट्रॅकपेक्षा लांब झाला. त्या खुलाशावर मी आक्षेप काढला, तर त्यांनी ठेका बदलला. ठेका बदलल्यावर डास बेसूर वाटायला लागला. माझ्या लवकरच लक्षात आलं, की आक्षेप काढला तर ते दुरुस्ती करतात, म्हणजे ट्रॅक लांबतो; आणि आक्षेप काढला नाही, 'समाधानकारक' म्हटलं, तर हुरूप येऊन नवा ट्रॅक सुरू करतात. 'गुंगी'नंतर 'मुळापर्यंत' आला, 'मुळापर्यंत'ला भाग दुसरा फुटला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. तिकडे खाटेवर आम्ही थेंबाखाली आधी वाटी ठेवली, थेंब उडू लागला तसा शेजारी पत्र्याचा डबा, आणि पुढे एका थेंबाची तीन ठिकाणं झाल्यावर प्लास्टिकची बादली.

"काय झालं छताचं?" बायको रोज विचारायची.

"भाग दुसऱ्याच्या शेवटावर अडलंय."

"कुणाचा शेवट होतो ते बघते," ती म्हणायची.

त्यात डॉक्टरांचा इंटरनेटवर एक मंडळींचा गट निघाला. घरच्या घरी असले ट्रॅक करणारे सगळे तिथे जमतात. गटाचा नियम असा, की आपला ट्रॅक ऐकवायचा असेल तर आधी दुसऱ्यांच्या ट्रॅकवर अभिप्राय द्यायचा, आणि तोही नुसता 'मस्त' चालत नाही. नियम न्याय्य आहे. फक्त डॉक्टरांना दिवसभर पेशंट. ते म्हणाले, "माझ्या वतीने तुम्ही द्या ना. आपलं काम लवकर पुढे सरकेल." 'आपलं' काम! अडला हरी म्हणतात तो मी. डॉक्टरांच्या खात्यावरून लिहू लागलो आणि खाली सही करू लागलो, 'लेखापरीक्षक'.

कुणी फ्रीजच्या घरघरीवर ठेका धरलेला, कुणी आपल्याच घोरण्याला शंभर पदरी प्रतिध्वनी लावलेला. एका शिंप्याने शिलाईचं यंत्र बडवून झकास चीज केली होती, पण ती सुरूच राहिली. मी लिहिलं, 'कापड संपल्यानंतरही शिलाई चालू ठेवण्यात आली आहे.' त्याने शेवट कापला आणि ट्रॅक खरंच उभा राहिला. लोक म्हणू लागले, हा माणूस संगीत ऐकतो की पंचनामा करतो? पण म्हणता म्हणता रांग लागली. 'आमच्यावर आक्षेप कधी काढणार?' म्हणून विनवण्या येऊ लागल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा आक्षेप कुणी आपण होऊन मागितला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. आरशासमोर मी एकदोनदा कपाळाला आठ्या घालून पाहिल्या.

आणि एक दिवस कचेरीत मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा रजेचा अर्ज, आईला आणण्यासाठी केलेला. साहेब तिकडे न बघता म्हणाले, "'सदर वाढीस समर्थन आढळून येत नाही.' हे वाक्य पृथ्वीच्या पाठीवर फक्त आपल्या विभागात लिहितात. नाही का?"

"हो साहेब."

"आणि 'सुरुवात होण्यास झालेला विलंब अक्षम्य आहे', हे कुणाच्या ट्रॅकवर लिहिलंत?"

मला आठवेना. मग हळूच आठवलं. गटात 'निळा देवमासा' नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या ट्रॅकवर सुरुवातीला इतका वेळ नुसती शांतता होती, की मी दोनदा यंत्र तपासलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं. टक्कल, गोल पोट, निळा शर्ट. मला हे आधी सुचायला हवं होतं.

"ती शांतता मुद्दाम होती," निळा देवमासा दुखावल्या स्वरात म्हणाला. "समुद्राचा तळ होता तो. असो. तुमच्या रजेलाही जरा विलंब लागेलसं दिसतंय. तो अक्षम्य मानू नका."

त्याच संध्याकाळी मी गटात लिहिलं, 'फेरतपासणीअंती असे आढळून आले की, सदर विलंब रचनेच्या हिताचाच होता.' सकाळी रजा मंजूर. आजवर मी आक्षेप एकदा काढला की काढला, अशी माझी ख्याती होती. तो मागेही घेता येतो आणि मागे घेतल्यावर काहीतरी हाती लागतं, हे ज्ञान मला या वयात झालं.

आईचं ऑपरेशन झालं. धाकट्याचा फोन आला, "दादा, रविवारी आणून सोडतो. तुझ्याकडे सगळं ठीक आहे ना? नाहीतर राहू दे इथेच, आमच्याकडे काय, ऐसपैस आहे." 'ऐसपैस' हा शब्द त्याला त्याच्या बायकोने पढवला होता.

मग मात्र बायकोने सूत्रं हातात घेतली. ती वर गेली आणि डॉक्टरांना हाताला धरून, म्हणजे धरायचं बाकी ठेवून, खाली घेऊन आली. "बघा," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघा एकदा."

डॉक्टर त्या खोलीत पहिल्यांदाच येत होते. खाटेवर वाटी, डबा, बादली. थेंब वाटीत पडला: टिंग. डब्यात पडला: टक्. बादलीत पडला: डुबुक्. डॉक्टर हललेच नाहीत. मला वाटलं, माणसाला लाज वाटली. मी मनातल्या मनात गवंडी बोलावला, फरशी फोडली, आईची खाट घातली.

"ऑडिटरसाहेब," ते कुजबुजले, "ही लय तुम्हाला रोज फुकट ऐकायला मिळते?"

आणि पळत वर जाऊन माइक घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नवा ट्रॅक पाठवला. नाव 'गळती'. मी ठरवूनच बसलो होतो, की ऐकायचं काहीही असो, दोन ओळी खरडायच्या आणि विषय मिटवायचा. यंत्र कानाला लावलं. डास नव्हता. गादी नव्हती. टिंग, टक्, डुबुक्, आणि त्यामागे कुठेतरी ती बासरी, या वेळी घाई न करता, थेंबाची वाट बघत उभी राहिलेली. थेंब पडला की ती एक पाऊल पुढे यायची. मी पुन्हा ऐकलं. आमच्याच खोलीतलं, आमच्याच डोक्यावरचं, आजवर ज्याला मी शिव्या घातल्या ते पाणी. आणि माझा चष्मा ओला झाला, तोही थेंबाखाली न बसता. मी आक्षेप शोधला. सवयीने शोधला, मेहनतीने शोधला. सापडेना. शेवटी कागदावर लिहिलं, 'आक्षेप नाही.'

आमच्या खात्यात याहून मोठं कौतुक नाही. मीही ते कोणाबद्दल लिहिलेलं मला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी तो कागद चौकटीत बसवून दवाखान्यात लावला. गटात तर जल्लोष. निळ्या देवमाशानेसुद्धा चार ओळी लिहिल्या. मी वर गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर, झाला ना ट्रॅक? आता उद्या गवंडी..."

"गवंडी?" डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सतार फोडून सरपण करायला आलोय. "अहो, तुम्हीच लिहिलंत आक्षेप नाही म्हणून! आता हा थेंब थांबवायचा? भाग दुसरा राहिलाय. पावसाळ्यात याची पट्टी बदलते का ते बघायचंय."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे," ती शांतपणे म्हणाली, "इतके दिवस कान किटवून घेतलेत, कचेरीत नाक कापून घेतलंत, आणि शेवटी काय केलंत, तर छत गळतं ठेवावं अशी लेखी शिफारस केलीत."

"पण चांगलं झालंय गं ते! ऐकशील तर..."

"सासूबाई रविवारी येतायत. त्यांच्या डोळ्यात टिंग पडणार की टक्, एवढं सांगा. मी तशी उशी फिरवते."

मी तिने ठेवलेली जुडी उचलून निवडायला लागलो.

"ज्या हाताने लिहिलंत त्याच हाताने बंद करा."

"खोटा आक्षेप काढू? मी?"

"निळ्या माशाचा मागे घेतलात तेव्हा हात नाही थरथरला."

त्या दिवशी मला 'फेरतपासणी' हा शब्द लिहायला जितका वेळ लागला, तितका सबंध अहवालाला लागत नाही. मी लिहिलं, 'फेरतपासणीअंती असे आढळते की, थेंबांमुळे इतर आवाज झाकोळून जातात. ते संपूर्णपणे वगळण्यात यावेत. तसेच पुन्हा मोह होऊ नये यास्तव थेंबांचे मूळही त्वरित बंद करावे.'

कागद घेऊन मी स्वतः गेलो. डॉक्टरांनी वाचला. परत वाचला.

"सगळे काढू?"

"सगळे."

"बादलीतला तरी..."

"संपूर्णपणे लिहिलंय."

त्यांनी मान हलवली. त्यांनी वाद घातला असता, चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. आजवर तुमचं एक वाक्य चुकलेलं नाही." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एकेक थेंब पुसला. मूळ रेकॉर्डिंगसुद्धा. भूल न देता दाढ काढल्यासारखा चेहरा झाला होता. या खेपेस खुर्चीत ते होते आणि पक्कड माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्या न मिळणाऱ्या रंगाच्या फरशा फुटल्याचा आवाज मी खाली बसून ऐकला. त्यावर अभिप्राय कोणी मागितला नाही.

रविवारी आई आली. काळा चष्मा, हातात पिशवी. खोलीत शिरताच म्हणाली, "ओल आलीय का रे इथे?" मी म्हणालो, "होती. गेली." धाकट्याने वर पाहिलं, त्याच्या बायकोने वर पाहिलं. छत कोरडं. धाकट्याच्या बायकोने निराश होऊन चहा घेतला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

आईला वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. दिवसभर ती खाटेवर बसून आमच्या चुका ऐकायची आणि सांगायची. त्यात तिची कवळी सैल झाली, म्हणून मी तिला डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पूर्वीसारखेच गोड वागले. भिंतीवरची चौकट उतरवलेली होती. खिळा तेवढा होता. त्यांनी आईच्या तोंडात माप घ्यायचा लगदा घातला आणि सवयीने ट्रॅक लावला. थेंब काढलेला. आता त्याचं नाव 'कोरडी' होतं.

"कसं वाटतंय, आजी?"

"आँ," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माप बाहेर काढलं. आईने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कुणी रे वाजवलंय हे, बाळा?"

"मीच."

"बरं आहे. पण याच्यात मध्ये मध्ये काहीतरी पडायला पाहिजे. थेंबासारखं. नुसतं भरून येतंय, पडत काहीच नाही. जीव गुदमरतो माणसाचा."

डॉक्टर हातात ते माप धरून सावकाश माझ्याकडे वळले. मी भिंतीवरचा सुळ्यांचा तक्ता वाचायला घेतला.

"होते, आजी. थेंबच होते. यांनी काढायला सांगितले."

"याने?" आई हसायलाच लागली. "अरे, याचं काय ऐकतोस! शाळेत प्रार्थनेला मास्तर याला सांगायचे, तू नुसतं तोंड हलव."

डॉक्टरांनी हातातलं माप टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "साहेब, खरं सांगा. का काढायला लावलेत?"

"छत," मी म्हणालो.

"एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं?"

"अहो, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य तेच होतं माझं!"

"ती तक्रार होती," डॉक्टर म्हणाले. "अभिप्राय कुठे होता?"

यावर मी बरंच बोलू शकलो असतो, पण आई मध्ये पडली. तिला सगळं सांगावं लागलं. वाटी, डबा, बादली, देवमासा, सगळं. डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांनी वरच्या नळाखाली भांडी ठेवून पाहिली, पण तो नाद येत नाही. नाद त्या खोलीचाच होता, आणि आता वरून पडणार काय?

"म्हणजे खोली तीच पाहिजे, भांडी तीच पाहिजेत आणि थेंब पाहिजे," आई म्हणाली. "मग रडतोस कशाला? ये संध्याकाळी."

संध्याकाळी डॉक्टर माइक घेऊन आले. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. समोर वाटी, डबा, बादली. हातात डोळ्यात घालायच्या औषधाची रिकामी कुपी, आत पाणी. काळा चष्मा लावून, मान किंचित वाकडी करून तिने हात उंच धरला आणि कुपी दाबली. टिंग. थांबली. टक्. डॉक्टरांनी डोळे मिटले. आई म्हणाली, "घाई करू नकोस, बादलीतला मी सांगते तेव्हा."

त्याला आता बरेच दिवस झाले. डॉक्टरांच्या बाथरूमच्या फरशीचा रंग दोन ठिकाणी जुळत नाही, पण त्यांना ट्रॅक मिळाला. बायकोला छत मिळालं. निळ्या देवमाशाला गटात मान मिळाला. गटात हल्ली लेखापरीक्षकाला कोणी विचारत नाही. तिथे लिहून आलं होतं, की त्यांचा आक्षेप वरिष्ठांच्या आदेशाने रद्द करण्यात आला आहे, आणि आता सगळे आजींचं मत मागतात. शिंपी तर फोनच करतो. आई परत जायचं नाव काढत नाही. परवा धाकट्याचा फोन आला, की "आई, कधी येतेस?", तेव्हा ती म्हणाली, "नंतर कर रे, रेकॉर्डिंग चाललंय."

छत ठणठणीत कोरडं आहे. फरशी तेवढी रोज संध्याकाळी ओली होते. ती मी पुसतो.